नेवाशाचा खांब आणि लाडमोडचें टेंकाड

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेनें प्रवास करणाऱ्यास नेवासें दिसत नाहीं. दिसतो तो नेवाशाचा फाटा. चहाच्या टपऱ्या, उसानें लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग, एस. टी. ची वाट पाहणारीं चार माणसें, आणि पुढें पुन्हा सडक. गांव तेथून कांहींसें आंत, प्रवरेच्या कांठीं वसलें आहे. ज्याला काम असेल तोच आंत वळतो. तहसील कचेरी, कोर्ट, बाजारपेठ, बियाण्यांचीं आणि खतांचीं दुकानें, शाळा, दवाखाने : महाराष्ट्रांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवीं जें असावयाचें तें सारें येथें आहे, आणि त्याहून निराळें असें प्रथमदर्शनीं फारसें कांहीं नाहीं. तालुका पर्जन्यछायेचा. पूर्वी बाजरी आणि ज्वारीवर दिवस काढणारा हा मुलूख मुळा धरणाच्या कालव्यांनीं भिजूं लागल्यावर उसाचा आणि कांद्याचा झाला. तरी जेवणांतील बाजरीच्या भाकरीनें आपली जागा सोडलेली नाहीं.

नदीमुळें गांवाचे दोन भाग झालेले आहेत, आणि त्यांच्या नांवांत एक गंमत आहे. एका भागास नेवासें बुद्रुक म्हणतात, दुसऱ्यास नेवासें खुर्द. हे शब्द फारसींतून आलेले. बुजुर्ग म्हणजे थोर आणि खुर्द म्हणजे धाकटें. परंतु आज तालुक्याचें गांव आहे तें खुर्द. कचेऱ्या, पेठ, मंदिरें, वर्दळ हीं सारीं धाकट्याच्या वाट्याला आलेलीं, आणि थोरलें पलीकडच्या कांठावर आपलें थोरपण केवळ नांवांत सांभाळून आहे. कोण्या काळीं कागदावर लिहिलेलें मोठेपण कायम राहिलें, माणसें मात्र नदी ओलांडून गेलीं. नेवाशाच्या इतिहासाकडे पाहतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवणें उपयोगी पडतें, कारण ह्या गांवानें आपली जागा बदलल्याच्या खुणा आणखीही आहेत.

नेवाशाचें नांव मराठी माणसाच्या कानांवर येतें तें ज्ञानेश्वरीबरोबर. पैठणच्या ब्राह्मणांपुढें उभीं राहिलेलीं चार भावंडें तेथून निघून नेवाशास आलीं. गांवांत शिरतांना एका मृत पुरुषाच्या प्रेतापाशीं सती जावयास निघालेली त्याची स्त्री त्यांना भेटली. ज्ञानदेवांनीं त्या पुरुषास उठविलें. तोच सच्चिदानंदबाबा, आणि त्यानेंच पुढें ज्ञानेश्वरी लिहून घेतली. एका दगडी खांबाला टेंकून पंधरा वर्षांचा मुलगा गीतेचा अर्थ सांगत आहे, समोर निवृत्तिनाथ बसले आहेत, आणि बाजूस सच्चिदानंदबाबांची लेखणी चालली आहे, हें चित्र कीर्तनांतून, भिंतींवरच्या तसबिरींतून आणि शाळेच्या पुस्तकांतून घरोघर गेलेलें आहे. तो खांब नेवाशास आजही उभा आहे.

ह्या चित्रांतील कोणती रेघ कोठून आली हें पाहूं लागलें म्हणजे मात्र मौज वाटूं लागते. प्रथम ग्रंथच घ्यावा. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ग्रंथकारानें आपलें स्थळ, काळ आणि राजा हीं सांगितलीं आहेत. काळ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचें नांव आहे. राजा यादव कुळांतील रामचंद्र, ज्याच्या न्यायाची ग्रंथकारानें प्रशंसा केली आहे. (पुढें अवघ्या सहा वर्षांनीं, १२९६ सालीं, अल्लाउद्दीन खिलजी ह्या राजाच्या देवगिरीवर चालून आला, आणि त्याच वर्षीं आळंदीस ज्ञानदेवांनीं समाधि घेतली.) स्थळाविषयीं ग्रंथकार म्हणतात तें असें : महाराष्ट्रमंडळांत, गोदावरीच्या तीरीं, अनादि असें एक पंचक्रोश क्षेत्र आहे, तेथें जगाला जिववणारी श्रीमहालया नांदते, तेथें हा गीतेचा देशी अलंकार घडला.

एवढेंच. ह्या ओव्यांत नेवाशाचें नांव नाहीं. खांबाचें तर नाहींच. शिवाय नेवासें गोदावरीच्या कांठीं नाहीं, प्रवरेच्या कांठीं आहे. गोदावरी आणि प्रवरा एकमेकींस मिळतात तें प्रवरासंगम तेथून कांहीं मैल दूर आहे. पंचक्रोशी म्हटली म्हणजे क्षेत्राचा आसमंत आलाच, आणि त्या आसमंतांत संगमही येतो, हें खरें. पण केवळ गोदेच्या कांठावरील पवित्र क्षेत्र एवढ्या वर्णनावर दावा सांगूं म्हणतील अशीं गांवें नाशिकपासून नांदेडपर्यंत हवीं तितकीं निघतील. मग ज्ञानेश्वरी नेवाशास झाली हें ठरलें कशावरून? ठरलें तें एका शब्दावरून, आणि तो शब्द म्हणजे महालया.

नेवाशास मोहिनीराजाचें मंदिर आहे. सध्याचें मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनीं बांधविलेलें. कोरीव दगडी काम आणि उंच शिखर ह्यांमुळें तें दुरून ओळखूं येतें. देव मात्र मंदिराहून फार जुना. समुद्रमंथनानंतर अमृत वांटण्यासाठीं विष्णूनें जें मोहिनीरूप घेतलें त्याची ही पूजा आहे. देवांच्या पंगतींत चोरून बसलेल्या राहूचें मस्तक येथेंच उडविलें गेलें असें मानतात. शिर उडून पडलें ती राहुरी, आणि काया पडली तें गोदावरीपलीकडील कायगांव, अशी लोकांनीं ह्या कथेची भूगोलाशीं सांगड घातलेली आहे. पंडितांस ह्या व्युत्पत्ति मान्य होणार नाहींत. पण राहुरी, नेवासें आणि कायगांव ही तीन ठिकाणें जो बाजाराला म्हणून पायीं हिंडला त्यालाच अशी कथा सुचेल. पुराणांतील क्षीरसागर त्यानें आपल्या तालुक्यांत आणून सोडला!

ह्याच मोहिनीचें लोकांतील दुसरें नांव म्हाळसा. जेजुरीच्या खंडोबाची राणी जी म्हाळसा, तिचें माहेर नेवासें. ती तेथील तिमशेट वाण्याची लेक, असें खंडोबाचे भक्त सांगतात. गोव्यांत मार्दोळ येथें म्हाळसा नारायणीचें प्रसिद्ध देवालय आहे, तीही मोहिनीच. पोर्तुगीजांच्या छळामुळें सोळाव्या शतकांत ती वेर्ण्याहून मार्दोळास गेली, आणि तिचें मूळ ठाणें नेवाशास, असें तिचे कुळावी मानतात. गोव्यांतील सारस्वत, जेजुरीचा वाघ्या आणि नेवाशाचा पुजारी हे तिघे एकमेकांस विचारून आपल्या गोष्टी रचावयास बसले असतील असें कोणी म्हणणार नाहीं. त्या तिन्ही गोष्टी जेथें एकमेकींस भेटतात तें गांव एकच आहे. म्हणून ओवींतील महालया म्हणजे नेवाशाची म्हाळसा ह्या अर्थास बळकटी येते.

ह्याचा अर्थ बारकाईनें पाहण्यासारखा आहे. मराठींतील सर्वांत थोर ग्रंथाचें जन्मस्थान ओळखतां आलें तें कोण्या राजाच्या ताम्रपटामुळें नव्हे. कुळधर्माला येणाऱ्या कुटुंबांनीं, नवस फेडणाऱ्या बायकांनीं आणि लग्नानंतर देवदर्शनास येणाऱ्या नव्या जोडप्यांनीं एक जुनें नांव जिभेवर ठेवलें म्हणून. मंदिर पडलें असेल, उठलें असेल. राज्यें यादवांचीं गेलीं, बहामनींचीं गेलीं, निजामशाही, मोंगल, पेशवे, इंग्रज सारे आले आणि गेले. पूजा जर एखाद्या शतकांत बंद पडती, तर त्या ओवींतील महालया हा शब्द टीकाकारांच्या वादापुरता उरता.

आतां खांबाकडे वळावें. गांवाच्या पश्चिमेस, आज ज्ञानेश्वरमंदिर म्हणून जी इमारत आहे तिच्या गाभाऱ्यांत हा खांब आहे. बन्सीमहाराज तांबे ह्यांच्या खटपटीनें विसाव्या शतकांत हें मंदिर उभें राहिलें. त्यापूर्वी खांब उघड्यावर, पडक्या देवळाच्या अवशेषांत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा असा उभा होता. मध्यभागीं तो चौकोनी आहे, आणि त्या चौकोनावर संस्कृत लेख कोरलेला आहे. लेख करवीरेश्वराला नमन करून सुरू होतो. पुढें त्यांत देवाच्या तेलासाठीं दरमहा ठराविक नाणीं दिल्याची नोंद आहे.

म्हणजे ज्या खांबाला वारकरी मस्तक टेंकवितात, तो मुळांत एका शिवमंदिरांतील नंदादीपाच्या तेलाचा दानलेख होय. ज्ञानदेवांचें नांव त्यावर नाहीं. असल्या दानलेखांची महाराष्ट्रांत वाण नाहीं; चंद्रसूर्य असेपर्यंत हें दान चालावें असें त्यांत बहुधा म्हटलेलें असतें, आणि बहुधा दोनचार पिढ्यांतच देऊळ पडतें, उत्पन्न बुडतें, आणि दगड कोणाच्या तरी गोठ्याच्या भिंतींत जातो. करवीरेश्वराचें देऊळ गेलें. त्याच्या दिव्याची वात कोणी शेवटची लावली हें कोणास ठाऊक नाहीं. हा एक दगड मात्र गोठ्याच्या भिंतींत गेला नाहीं, कारण लोकांनीं त्याला निराळें नांव दिलें होतें. ते त्याला पैसाचा खांब म्हणत. पैस म्हणजे ऐसपैस जागा, मोकळा विस्तार. दुर्गा भागवतांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ललितलेखसंग्रहास ह्याच खांबावरून ‘पैस’ असें नांव दिलें, आणि त्या पुस्तकास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यामुळें हा खेड्यांतला शब्द शहरांतील वाचकांच्या घरीं नव्यानें पोंचला.

खांब ज्ञानदेवांच्या पाठीला लागला होता कीं नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर दगडावर मिळणार नाहीं. परंतु एक विचार करण्यासारखा आहे. प्रायश्चित्ताच्या कटकटींतून नुकत्याच सुटलेल्या, संन्याशाचीं पोरें म्हणून हिणविल्या जाणाऱ्या चौघां मुलांना उतरावयास जागा कोठें मिळाली असती? भर वस्तींतल्या वाड्यांत नव्हे. गांवाबाहेरचें शिवमंदिर, जेथें रात्रीं दिव्याला तेल असे आणि बसावयास ओसरी असे, हें ठिकाण अशा मुलांस साजेसें आहे. निवृत्तिनाथ नाथपंथीय, म्हणून शिवाचें ठाणें त्यांना आपलें वाटण्यासारखें. परंपरेनें सांगितलेली जागा संभवनीय आहे एवढें ह्यावरून म्हणतां येतें, आणि इतिहासानें एवढ्यावर समाधान मानावयास हरकत नाहीं.

लिखित पुरावा असा तुटक. म्हणून जमिनीस विचारावें हें ओघानेंच आलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील प्राध्यापक हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांचे सहकारी शांताराम भालचंद्र देव वगैरे मंडळींनीं १९५४ ते १९५६ ह्या काळांत नेवाशाजवळील लाडमोड नांवाच्या टेंकाडाचें उत्खनन केलें, आणि १९६० सालीं त्याचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालाच्या नांवाचा आशयच असा कीं, नेवाशास इतिहासाकडून इतिहासपूर्व काळाकडे कसें जावें. आणि खरोखरच, तेथें खाली उतरत जाणें हें काळांत मागें मागें जाणें झालें.

प्रवरेच्या जुन्या वाळूगोट्यांच्या थरांत अश्मयुगीन माणसाच्या दगडी कुऱ्हाडी सांपडल्या. त्यांच्या वरच्या थरांत लहान, बारीक कामाचीं, गार-गारगोटीसारख्या दगडांचीं छिलके काढून केलेलीं हत्यारें होतीं. हीं इतकीं वैशिष्ट्यपूर्ण ठरलीं कीं, सांकळियांनीं त्या संस्कृतीस नेवाशाचेंच नांव दिलें. पुढें भारतांत अन्यत्र तशीं हत्यारें निघालीं तेव्हां अभ्यासक त्यांना नेवासीय म्हणूं लागले. आज मध्यपुराश्मयुग हा शब्द अधिक चालतो. तरी एका मराठी तालुक्याच्या गांवाचें नांव मानवाच्या आदिम इतिहासाच्या परिभाषेंत कांहीं काळ वावरलें, ही लहान गोष्ट नव्हे.

त्यानंतर फार मोठ्या खंडानें, आजपासून सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वी, टेंकाडावर शेतकरी येऊन राहिले. कुडाच्या भिंतींचीं, मातीनें लिंपलेलीं त्यांचीं घरें. तांबें थोडें, म्हणून गारगोटीचीं पातीं वापरावयाचीं. लाल रंगाच्या मडक्यांवर काळ्या रेघांची नक्षी काढावयाची. अशींच मडकीं संगमनेर तालुक्यांत, प्रवरेच्याच कांठीं जोर्वे गांवीं आधीं सांपडलीं होतीं, म्हणून तीं जोर्वे घाटाचीं म्हणून ओळखलीं जातात. ही माणसें आपल्या लहान मुलांना घराच्या जमिनींतच पुरत. दोन मडकीं तोंडाला तोंड लावून आडवीं ठेवावयाचीं आणि त्यांत मूल. घरांतलें मूल घराबाहेर जाऊं नये अशी ती समजूत असावी.

अशा एका मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ होती. कापड, दोरा, लाकूड हीं आपल्या हवेंत टिकत नाहींत. पण तांब्याचा गंज चढल्यामुळें त्या मण्यांच्या भोकांत दोऱ्याचा अंश राहून गेला. तपासणींत त्यांत कापूस आणि रेशीम ह्यांचे तंतु असल्याचें निष्पन्न झालें. प्रवरेच्या कांठीं कुडाच्या घरांत राहणाऱ्या कोणा आईनें आपल्या गेलेल्या लेकराच्या गळ्यांत घालावयास असा दोरा कोठून मिळविला? महाराष्ट्रांतील वस्त्राच्या इतिहासांत ह्या चिमूटभर तंतूंना मोठें स्थान आहे. उत्खननांत हाडें, खापरें, चुली टोपल्यांनीं निघतात, दोरा क्वचित्.

ह्या शेतकऱ्यांमागून पुन्हा खंड पडला, आणि मग सातवाहनांचा काळ आला. पैठण ही त्यांची राजधानी जवळच. पश्चिमेस जुन्नर आणि नाणेघाट. समुद्रावरून येणारा माल घाट चढून ह्या मुलखांत फिरत असे. लाडमोडवर सातवाहनांचीं नाणीं सांपडलीं, आणि त्यांच्याबरोबर रोमन साम्राज्याकडील दोन कानांच्या मद्यकुंभांचीं खापरेंही सांपडलीं. नेवाशाच्या कोणा धनिकानें दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचें मद्य चाखलें असावें. अथवा नुसता रिकामा कुंभ घरांत धान्य भरावयास ठेवला असेल, कारण चांगलें भांडें टाकून देण्याची आपल्या लोकांस संवय नाहीं.

आणि त्यानंतर? ज्यासाठीं सर्वांची उत्सुकता ताणलेली असावयाची तो यादवांचा थर? तो टेंकाडावर नाहींच. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत लाडमोड ओस पडलें, आणि त्यावर पुन्हा माणसें राहावयास आलीं तीं सुमारें १४०० च्या पुढें. त्यांच्या कांचेच्या बांगड्या आणि चकचकीत मुलाम्याचीं भांडीं तेवढीं वरच्या थरांत निघालीं. मधल्या अकराशें-बाराशें वर्षांचें पान कोरें आहे, आणि ज्ञानेश्वरीचें वर्ष १२९० नेमकें त्या कोऱ्या पानांत पडतें.

कांहीं उतावीळ मंडळींस ह्यावरून शंका घेण्याचा मोह होईल. तो आवरावा. एक टेंकाड म्हणजे सारें गांव नव्हे. महानुभावांच्या ग्रंथांत चक्रधरस्वामींच्या भ्रमणांत नेवासें येतें. म्हणजे त्याच तेराव्या शतकांत गांव नांदतें होतें ह्याबद्दल निराळा साक्षीदार आहे. करवीरेश्वराला तेल देणारा दाता ओसाड रानांत दिवा लावावयास गेला नसेल. वस्ती होती, पण ती टेंकाडावरून उठून दुसरीकडे गेली होती. आणि ती बहुधा आजच्या गांवाच्याच जागीं होती. तसें असेल तर यादवकाळचें नेवासें आजच्या नेवाशाच्या खालीं, घरांच्या जोत्यांखालीं, न्हाणीघरांच्या मोऱ्यांखालीं आणि पेठेच्या रस्त्याखालीं झोंपलेलें आहे. तेथें कुदळ चालवावयाची तर नांदतीं घरें उठवावीं लागतील. संशोधकास ओसाड टेंकाड सोयीचें असतें. नांदत्या गांवाचा जुना भाग त्याला पाहावयास मिळत नाहीं, कारण तेथें कोणी तरी स्वयंपाक करीत असतें.

जुन्या गांवांचें रक्षण कसें करावें ह्याविषयीं अलीकडे पुष्कळ बोललें जातें, आणि तें बोलणें बहुधा मंदिराला रंग, खांबाभोंवतीं संगमरवर आणि रस्त्यावर कमान येथवर येऊन थांबतें. नेवाशापुरतें पाहिलें तर धोका निराळ्या बाजूनें आहे. ऊस आल्यापासून पैसा आला, पैशाबरोबर नवीं घरें आलीं, आणि नव्या घराचा पाया पूर्वीपेक्षां खोल जातो. पाया खणतांना निघालेलें खापर, कोरीव दगड, एखादें नाणें हें गाड्याभर मातीबरोबर भरावाला निघून जातें. ज्या थरांत तेराव्या शतकाचें उत्तर असण्याचा संभव, तो थर असा टोपलीटोपलीनें उचलला जाणें शक्य आहे. टेंकाडाचा अहवाल झाला, खांबाला गाभारा मिळाला, मोहिनीराजास शिखर आहे. गांवाच्या पोटांतील त्या थराला मात्र कोणी वाली नाहीं. घर बांधणाऱ्यानें पायांत काय निघालें तें शाळेच्या मास्तरांस दाखविलें आणि मास्तरांनीं तें वहींत टिपून ठेवलें, तरी पुढच्या संशोधकाचें अर्धें काम होईल. त्यास फार खर्चही नाहीं.

आषाढ वद्य एकादशीस, जिला कामिका म्हणतात, नेवाशास मोठी यात्रा भरते. पंढरीची आषाढी होऊन पंधरवडा झालेला असतो, पेरण्या उरकलेल्या असतात. त्या दिवशीं फाट्यापासून गांवापर्यंतचा रस्ता दिंड्यांनीं भरून जातो. खांबाच्या दर्शनाची रांग मंदिराबाहेर दूरवर जाते. दुसऱ्या दिवशीं द्वादशीचें पारणें सुटतें, दुकानांच्या फळ्या नेहमींच्या वेळीं उघडतात, कोर्टाच्या आवारांत पक्षकार जमतात, आणि कांद्याच्या गाड्या घोडेगांवच्या बाजाराकडे निघतात. मोहिनीराजाच्या पायऱ्यांवर, कोठून कोठून कुळधर्मासाठीं आलेलें एखादें कुटुंब पुजाऱ्यास आपलें गोत्र आणि मूळ गांव सांगत बसलेलें असतें.